परसातले प्रश्न : पहिल्याच कोंबड्या, मग गावठी की हॅचरीच्या?

मागच्या अंकात पावसाळ्याआधी खुराड्याची डागडुजी कशी करायची ते लिहिलं होतं. त्यावर खुराड्याबद्दल एक पण प्रश्न आला नाही, सगळे विचारतायत की खुराडं बांधू पण आत घालायचं काय. म्हणून यावेळी वांगी-मिरच्यांची पत्रं बाजूला ठेवलीत, फक्त कोंबड्या. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न (डिचोली) : आमचं घर डिचोलीपासून आत गावात, मागे परस आणि लहानसं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. आत्ताच रिटायर झालोय, दहा-बारा कोंबड्या पाळायचं मनात आहे, आधी कधी पाळलेल्या नाहीत. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो हॅचरीची पिल्लं मागवा, लस देऊनच येतात आणि वर्षाला दोनशे अंडी. बायको म्हणते गावठीच, तिच्या माहेरी होत्या. वर मुलगाच मला अमेरिकेतले व्हिडिओ पाठवतो त्यात सगळे हेरिटेज ब्रीड हेरिटेज ब्रीड करत असतात. आपल्याकडे हेरिटेज कशाला म्हणायचं आणि नवख्या माणसाने काय घ्यावं?

उत्तर : दादा, वहिनींचं ऐका. का ते सांगते, जरा लांबेल.

आधी ते हेरिटेज प्रकरण. तिकडे त्याला अटी आहेत : जुनी, नोंद झालेली जात पाहिजे, कोंबडा-कोंबडी आपसूक जुळून अंडी फळली पाहिजेत, बाहेर मोकळ्यावर बरीच वर्षं टिकली पाहिजे आणि वाढ सावकाश, म्हणजे कापायच्या वजनाला यायला निदान १६ आठवडे. ब्रॉयलर ६ आठवड्यांत दोन किलो होतो, त्याच्याशी लावून बघा. आपल्याकडे कर्नालची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो ही संस्था जातींची नोंद ठेवते, त्या यादीत असील आहे, झाबुआचा कडकनाथ आहे, नंदुरबार आणि गुजरातच्या हद्दीवरची बुसरा आहे. आपल्या गोव्यातली श्वेत कपिला गाय आणि आगोंदा गोवन डुक्कर पण तिथे नोंदलेत. पण तुमच्या आजूबाजूच्या घरात जी फिरते ती गावठी कोंबडी म्हणजे एक अशी जात नव्हे, पिढ्यानपिढ्या इथल्या पावसात, इथल्या घारी-मुंगसांत जी वाचली तिची पैदास. कागद नाही तिच्याकडे, पण वरच्या अटी बघितल्या तर नोंदीची पहिली सोडून बाकी सगळ्यांत ती बसते.

आता मुलाचं दोनशे अंड्यांचं गणित. खोटं नाही ते. पिंजऱ्यातली पांढरी लेयर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळतात ती फार्मची कोंबडी, वर्षाला तीनशेच्या आसपास देते, हैदराबादच्या सरकारी संस्थेने काढलेली ग्रामप्रिया नीट ठेवली तर दोनशेपर्यंत जाते, आणि गावठी देते साठ ते ऐंशी, तेही मूड असला तर. पण ती तीनशे अंडी कोंबडीतून येत नाहीत हो, पोत्यातून येतात. लेयरला रोज ११० ते १२० ग्रॅम लेयर मॅश लागतं, त्यात प्रोटीन आणि कॅल्शियम मापात पाहिजे, शिवाय १४ ते १६ तास उजेड पाहिजे. यातलं एक चुकलं की अंडं कमी नाहीतर कवच पापडासारखं मऊ. तिला तुम्ही कुळागरात सोडली म्हणून ती काय कुळागरात चरून पोट भरणार नाही, ती खाद्याच्या भांड्यापाशी येऊन उभी राहणार. गावठी कोंबडी सकाळी दार उघडलं की सुपारीच्या झावळ्या उलट्या करत सुटते, वाळवी, गांडूळ, गोगलगायीची पिल्लं, पडलेलं फणसाचं बी, जे मिळेल ते, आणि संध्याकाळी मूठभर कणी टाकली की आत. तुमच्याकडे कुळागर आहे म्हणजे तिचं निम्मं जेवण आधीच तिथे पडलंय. तुम्ही दोघं माणसं, तुम्हाला रोज आठ अंडी करायचीत काय? सहा तलंगा (अंड्यांवर आलेल्या तरुण कोंबड्या) असल्या तर आठवड्याला सात-आठ अंडी होतात सरासरी, दोघांना रस-ऑम्लेट खाऊन पुरतात.

खरा मुद्दा पण अंड्यांचा नाही. लेयर रोवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. खुडूक होणं म्हणजे अंडी बंद, म्हणून हॅचरीवाल्यांनी निवडून निवडून तो गुणच काढून टाकलाय. म्हणजे दीड-दोन वर्षांनी अंडी उतरली की परत पिल्लं विकत, परत बल्ब, परत पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री ऊब द्यायची आणि मग दर आठवड्याला तीन-तीन डिग्री उतरवायची, आणि आपल्याकडे रात्री वीज जाते ते मी सांगायला नको. गावठी कोंबडी हे सगळं स्वतः करते. २१ दिवस बसते, पिल्लं काढते, घार दिसली की आवाज देऊन पंखाखाली घेते, काय खायचं काय नाही ते शिकवते. नवख्या माणसासाठी याच्यापेक्षा मोठी सोय कुठली? तुम्हाला पिल्लं वाढवायला येत नाही, तिला येतं.

गिरीराजा, वनराजा, ग्रामप्रिया या रंगीत कोंबड्यांबद्दल पण विचारणार तुम्ही, मुलाने तीच नावं काढली असणार. वाईट नाहीत. परसातच पाळायला म्हणून काढल्यात, रंगीत असल्यामुळे घारीला पांढऱ्या लेयरसारख्या लांबून दिसत नाहीत. पण त्या क्रॉस आहेत, त्यांची अंडी उबवून पुढची पिल्लं काढली तर आईसारखी निघत नाहीत, एक इकडे जाते एक तिकडे. तर दर खेपेला मूळ ठिकाणाहूनच आणायला लागतात. आणि वनराजा-गिरीराजा अंगाने जड, मुंगूस आलं की गावठी भुर्रकन आंब्यावर असते, या बघत राहतात.

घेताना काय करायचं : एकाच घरातून घ्या. बाजारातून दोन, मेव्हण्याकडून तीन, रस्त्याकडेच्या टेम्पोतून चार असं करू नका, चार घरचे रोग एका खुराड्यात येतात. गावात जिच्याकडे वर्षानुवर्षं कोंबड्या आहेत अशी एखादी काकी असतेच, तिच्याकडे जाऊन संध्याकाळी कोंबड्या आत जायच्या वेळेला उभे रहा, सगळ्या एकदम दिसतात, कोण सुस्त कोण तरतरीत ते कळतं. पाच-सहा तलंगा आणि एक कोंबडा, बस्स. कोंबडा जमलं तर दुसऱ्या घरातून घ्या म्हणजे भावा-बहिणीत पैदास होणार नाही, फक्त त्याला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून मग आत सोडा. बारा करायच्या असतील तर त्या सहाच्या बारा होऊ द्यात. आणि आणायच्या त्या पाऊस ओसरल्यावर, नवरात्र-दिवाळीच्या सुमाराला. जूनमध्ये आणल्यात तर पहिले तीन महिने तुम्ही चिखल, रक्ती हगवण आणि बुरशी एवढंच शिकाल.

खुराडं चिऱ्यांचं असलं तर उत्तमच, पण जमीन उंच घ्या आणि रात्रीसाठी एका कोंबडीला दीड-दोन चौरस फूट धरा. बसायला दांडा पाहिजे, गावठीला जमिनीवर झोपायची सवय नाही. दार खरोखर बंद होणारं पाहिजे. अजगर आपल्याकडे किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे, त्याला डोकं जाईल एवढी फट पुरते, आणि एक गिळली की तो तिथेच पडून राहतो कारण त्याच फटीतून परत बाहेर जाता येत नाही. म्हणून मोठ्या भोकाची कोंबडी-जाळी नको, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा.

प्रश्न (पेडणे) : म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून गावठी सांगून पाच घेतल्या. मोठ्या झाल्या, अंडी पण घालतात, पण एक म्हणून खुडूक होत नाही. फसवलं काय?

उत्तर : ताई, बहुतेक हो. पण विकणाऱ्याला पण माहीत असेल असं नाही, टोपली तीन हातांतून फिरून आलेली असते.

पुढच्या वेळेला घेण्याआधी हे बघा. टोपलीतल्या सगळ्या एका वयाच्या, एका मापाच्या आहेत का? असल्या तर हॅचरीचा लॉट. गावठी टोपलीत एक मोठी, एक छोटी, एक काळी, एक जोंधळी, एक मानेला पिसं नसलेली, अशी सगळी जत्रा असते. मग चोच बघा. वरची चोच पुढून बोथट, कापल्यासारखी असेल तर ती लेयर फार्मची, तिथे एकमेकींना टोचू नये म्हणून चोच छाटतात, गावात कोणी छाटत नाही. पाय बघा, गावठीचे पाय बारीक आणि लांबट, क्रॉसचे जाड पिवळे. आणि उचलून बघा. गावठी मोठी कोंबडी सव्वा-दीड किलोच्या आसपास, हातात घेतली की सगळं अंग ताठ करते, सुटायला बघते. क्रॉस मऊ लागते, हातात गप्प बसते.

आता असलेल्या पाच टाकून द्यायची गरज नाही, अंडी देतायत ना, देऊ द्यात, खाद्य मात्र नीट घाला. एक खरी गावठी खुडूक कोंबडी कोणाकडून तरी आणा आणि पुढची पिल्लं तिच्याखाली काढा, पण तिच्याखाली अंडी या पाचांची नको, गावठी कोंबडा असलेल्या घरातून दहा अंडी मागून आणा. दहा-बाराच्या वर ठेवू नका, तिच्या अंगाखाली मावत नाहीत आणि कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली, धुतलेली नकोत, फ्रिजमधली तर नकोतच, आणि बसवेपर्यंत निमुळतं टोक खाली करून ठेवा. कोंबडीला दिवसा नवीन जागी हलवलीत तर उठून जाईल, रात्री अंधारात हलवा. टोपलीत पेंढा, खाली थोडी राख आणि कडुनिंबाचा पाला, नाहीतर पिसवा तिला बसू देत नाहीत. सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या जाड बाजूला लावून बघा, कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर फळलंय, नुसतं पिवळट पारदर्शक दिसलं तर काढून टाका.

प्रश्न (मांद्रे) : शेजारी म्हणतात गावठी कोंबडीला लस-बिस लागत नाही, ती चिवट असते, हॅचरीच्या कोंबड्यांनाच रोग येतात. खरं?

उत्तर : नाही. आणि हे वाक्य ज्या-ज्या घरात ऐकते तिथे दोन-तीन वर्षांनी एकदा सगळं खुराडं रिकामं झालेलं असतं, मग ‘मर आली’ म्हणतात आणि परत नव्याने सुरू करतात. मर आली म्हणजे बहुतेक वेळा मानमोडी, रानीखेत. हिरवट पांढरी हगवण, घरघर, पंख पडतात, मग मान पिळल्यासारखी वाकडी होते, आणि दोन-चार दिवसांत एकामागून एक. याच्यावर औषध नाही. गावठी कोंबडी कणखर असते म्हणजे उन्हात-पावसात फिरते, कमी खाण्यावर राहते, साध्या हगवणीतून उठते. मानमोडीपुढे तिची चिवटाई चालत नाही. या एका बाबतीत हॅचरीवाले आपल्यापेक्षा शहाणे, पिल्लू एक दिवसाचं असतानाच त्याला मॅरेक्स या दुसऱ्या एका रोगाची लस देऊन पाठवतात.

करायचं ते असं : पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, डोळ्यात एक थेंब. महिन्याचं झालं की परत लासोटा. सहा-सात आठवड्यांना देवीची लस. आठ आठवडे उलटले की आर-टू-बी, ही पण मानमोडीचीच, पण टोचायची असते, आणि तिच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या म्हणजे लस नीट लागते. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तारखा ते लिहून देतात.

लोक अडतात ते वेगळ्याच ठिकाणी. लासोटाची बाटली शंभर-दोनशे डोसांची येते आणि तुमच्याकडे पिल्लं नऊ. एकदा पाणी घालून लस तयार केली की दोन तासांत संपवायला लागते, उरलेली ठेवून पुढच्या महिन्याला वापरू म्हटलं तर ते नुसतं पाणीच. म्हणून वाड्यावरच्या चार-पाच घरांनी एक दिवस ठरवा. बाटली बर्फाच्या थर्मासमधून आणा, २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे, शर्टाच्या खिशात घालून स्कूटरवरून उन्हातून आणलेली लस द्या किंवा नका देऊ, सारखंच. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पिल्लाला डाव्या मुठीत धरायचं, डोकं आडवं, डोळा वर, ड्रॉपर डोळ्याला न टेकवता एक थेंब, आणि लगेच सोडायचं नाही, ते डोळा मिटतं आणि थेंब आत ओढून घेतं तोपर्यंत धरून ठेवायचं. थेंब गालावरून ओघळला तर परत एक. झालेली पिल्लं दुसऱ्या डालग्याखाली टाकत जा नाहीतर कुठलं झालं कुठलं राहिलं यावरून घरात भांडणं.

मोठ्या कोंबड्यांना पाण्यातून देत असाल तर आधी तास-दोन तास पाणी काढून घ्या म्हणजे तहान लागते, आणि नळाचं क्लोरीनचं पाणी नको, विहिरीचं घ्या.

आणखी एक. गावात मर सुरू झाली की लोक घाबरून उरलेल्या कोंबड्या बाजारात काढतात. म्हणजे बाजारात कोंबडी अचानक स्वस्त मिळाली तर आनंद मानू नका, ती कुठून आली असेल त्याचा विचार करा. मेलेली कोंबडी व्हाळात (ओढ्यात) टाकू नका, खोल पुरून वर चुना घाला. हे कितीदा सांगितलं तरी व्हाळात दिसतेच.

प्रश्न (फोंडा) : पाळायचीच तर कडकनाथ का नको? तो पण देशीच ना, आणि अंडं भारी किमतीला जातं म्हणतात. असील पण एकाने सुचवला.

उत्तर : कडकनाथ देशीच, २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथाला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालंय. मांस, हाडं, जीभ सगळं काळं असतं. अंडं काळं नसतं. काळ्या अंड्यांचे फोटो फिरतात ते खोटे, कडकनाथाचं अंडं फिकट तपकिरी-मलईसारखं. आवड म्हणून तीन-चार पाळा, देखणा पक्षी आहे. पण पहिल्याच कोंबड्या म्हणून नको, कारण ती रोवणीला नीट बसत नाही, म्हणजे तुम्हाला इन्क्युबेटर नाहीतर दुसरी गावठी कोंबडी लागणारच. मग आधी गावठी कोंबडीच का नको?

धंदा म्हणून विचारत असाल तर एक लक्षात ठेवा, कोणी तुम्हाला पिल्लं विकून ‘अंडी आम्हीच परत घेऊ’ म्हणत असेल तर सही करू नका. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात याच कडकनाथाच्या नावाने शेतकऱ्यांचे किती पैसे बुडाले ते पेपरात आलंय सगळं. पक्ष्याचा त्यात काही दोष नव्हता, पण गिऱ्हाईक कोण ते कोणी विचारलंच नाही.

असील मला स्वतःला फार आवडतो. मान वर करून चालतो ते बघत बसावंसं वाटतं. कोंबडी बसते पण छान आणि आई म्हणून एकदम खंबीर, मुंगसाच्या अंगावर जाते. अंडी मात्र वर्षाला तीस-चाळीस. आणि दोन असील कोंबडे एका परसात ठेवले तर दोन्ही रक्तबंबाळ, झुंजीसाठीच शतकानुशतकं निवडलेली जात ती. झुंजी लावणं कायद्याने बंद आहे, त्या नादाने कोणी देत असेल तर घेऊ नका. गंमत सांगते, हाच असील एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात गेला, कॉर्नवॉलमध्ये त्याच्यापासून इंडियन गेम म्हणून कोंबडी तयार झाली, ती पुढे कॉर्निश झाली, आणि आज जगभरच्या ब्रॉयलरच्या छातीत जे मांस भरलंय ते त्या कॉर्निशकडून आलंय. म्हणजे पावाबरोबर आपण जी चिकन खातो तिचा पणजोबा आपल्याकडचाच.

प्रश्न (वाळपई) : आमच्या काजीच्या बागेत रानकोंबड्या येतात. मुलगा म्हणतो अंडी मिळाली तर घरच्या कोंबडीखाली ठेवू, एकदम ओरिजिनल जात होईल.

उत्तर : करू देऊ नका. रानकोंबडा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, त्याची अंडी उचलणं पण गुन्ह्यात येतं. आणि पिल्लं निघाली तरी ती माणसाळत नाहीत, पंख फुटले की रानात जातात नाहीतर खुराड्यात धडका घेऊन मरतात.

शिवाय तो आपल्या कोंबड्यांचा थेट मूळपुरुष पण नाही. घरची कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून आली, तो उत्तरेकडे आणि पूर्वेकडे. सत्तरीत, म्हादईत, मोलेत दिसतो तो राखी रानकोंबडा, मानेवर मेणाच्या ठिपक्यांसारखी पिसं असलेला. त्या पिसांची खोटी माशी करून गळाला लावायची म्हणून युरोपातले मासे धरणारे एकेकाळी त्यांच्यासाठी वेडे होते, किती पक्षी मारले गेले असतील देव जाणे. पण एक गोष्ट त्याने दिलीय, कोंबड्यांचे पिवळे पाय. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचा गुण लाल रानकोंबड्यातून नव्हे तर या राखी रानकोंबड्यातून घरच्या कोंबड्यांत आलाय. तेव्हा मुलाला सांगा, ओरिजिनल जे काय यायचं होतं ते केव्हाच आलंय, बागेतल्याला सुखाने काजी उकरू दे.

प्रश्न (पर्वरी) : आमच्या बंगल्याची गच्ची मोठी आहे. मुलांसाठी चार गावठी कोंबड्या ठेवायच्या म्हणते. कोंबडा आरवला तर शेजारी तक्रार करणार, पण कोंबड्याशिवाय अंडी कशी?

उत्तर : कोंबडा नको, अंडं घालायला कोंबडीला कोंबड्याची गरज नाही, फक्त त्या अंड्यातून पिल्लू होत नाही. खायला काही फरक नाही.

पण तुमच्याकडे मी गावठी सांगणार नाही. गावठीचं सगळं मोल उकरण्यात आहे, गच्चीवर ती काय उकरणार, टाईल्स? तयार खाद्यच घालायला लागणार, मग अंडी तरी जास्त मिळू देत. शिवाय ती कठड्यावरून उडून शेजारच्यांच्या गाडीवर बसणार. तुम्ही चार ग्रामप्रियाच्या तलंगा घ्या. जुने गोवे इथे एलाला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, तिथेच उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र, त्यांना फोन करून विचारा पिल्लं कुठे आणि कधी मिळतील. एप्रिल-मेमध्ये गच्ची तापते तेव्हा कोंबड्या धापा टाकून मरतात, तर सावलीची सोय झाल्याशिवाय आणू नका, नुसती हिरवी शेडनेट पुरत नाही, वर झावळ्या घाला.

प्रश्न (साखळी) : कॅल्शियमसाठी शिंपले घालतात ते दुकानातूनच आणायचे काय? आणि सुकी मासळी चालते?

उत्तर : तिसऱ्या खाता ना घरी? मग कवचं टाकता कशाला. धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, जाडसर कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा, जिला पाहिजे ती खाते. खाद्यात मिसळू नका, पिल्लांना आणि कोंबड्याला तेवढं कॅल्शियम नको असतं.

सुकी मासळी जपून. आपली खारवलेली असते आणि मीठ कोंबडीला विष. बिनमिठाचा सुका जवळा मिळाला तर थोडा चालतो, खारी मासळी अजिबात नको. पावसाळ्यात दुसरी भीती पेंडीची. शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची पेंड, मका, कशालाही बुरशीचा वास आला की टाकून द्या, गाईला पण घालू नका. पुरुमेताला (पावसाळ्याच्या बेगमीला) भरून ठेवतो तसं कोंबडीचं खाद्य चार महिन्यांचं भरून ठेवायचं नाही, पंधरा दिवसांचं आणा.

प्रश्न (फोंडा, दुसरं पत्र) : तपकिरी अंडं म्हणजे गावठी, बरोबर?

उत्तर : नाही. कवचाचा रंग जातीवर असतो, तपकिरी अंडी घालणाऱ्या फार्मच्या लेयर पण असतात. बलकाचा रंग खाण्यावर, हिरवा पाला आणि मका खाल्ला की गडद. गावठी अंडं ओळखायचं तर आकाराने, बहुतेक वेळा चाळीस ग्रॅमच्या आसपास, छोटं, आणि डझनात एकासारखं एक नसतं.

प्रश्न (डिचोली, वहिनींचं पत्र) : ह्यांनी तुम्हाला लिहिलंय ते माहीत आहे. माझा प्रश्न वेगळा. माहेरी बघितलंय, पिल्लं काढली की निम्मे कोंबडे निघतात. आम्ही दोघं खातो पण कापायला कोणी तयार नाही. एवढ्या कोंबड्यांचं करायचं काय?

उत्तर : वहिनी, हा प्रश्न पिल्लं आणायच्या आधी विचारणारी माणसं फार कमी. निम्मे निघणारच. लेयर हॅचरीत हे कोंबडे पहिल्याच दिवशी मारतात नाहीतर स्वस्तात काढून टाकतात, म्हणून पिवळ्या-गुलाबी रंगात बुडवलेली पिल्लं जत्रेत विकायला येतात ना, त्यात असलेच कोंबडे भरलेले असतात. आपल्याकडे ते वाढतात, पाच-सहा महिन्यांनी आरवायला लागतात आणि मग मारामाऱ्या. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे, जास्त ठेवलेत तर कोंबड्यांच्या पाठीची पिसं उपटून निघतात.

गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक मात्र हमखास असतं. शागोतीला लोक गावठीच शोधतात, राखणदाराला (गाव राखणाऱ्या देवाला) द्यायला पण गावठीच लागतो, फार्मचा चालत नाही. तर कापायला कोणी नसेल तर जिवंतच द्या, घरी येऊन घेऊन जातात. फक्त श्रावणाचा हिशोब धरा, त्या महिन्यात कोणी विचारत नाही, तुम्ही खाऊ घालत बसणार. दिवाळीनंतर कोंबडी बसवलीत तर कोंबडे मे महिन्यात तयार होतात, तेव्हा चाकरमानी घरी आलेले असतात, आठवड्यात खपतात. आणि नातवंडं सुट्टीत येणार असली तर कोंबड्यांना नावं ठेवू देऊ नका त्यांना, तलंगांना ठेवा म्हणावं.